भाज्याच्या खाचरातल्या सुरळ्या

पुणे, ता. १८ ऑगस्ट १९३६

गेल्या पावसाळ्यापासून वाचकांसाठी मी एक ओळही लिहिली नाही. क्षमा असावी. कामाचे निमित्त सांगता येईल, पण ते पुरते खरे नाही. भाज्याहून निरोप आला होता: “तुमच्या कागदानं वरचं भात वाचलं, खालचं गेलं.” भातावरच्या सुरळीतल्या अळीचे ते पत्रक माझे. वर्षभर मी स्वतःची समजूत घालत राहिलो. यंदा पुन्हा कीड पडल्याचे कळले, तेव्हा रविवारी सकाळची गाडी धरली.

मळवलीला उतरून भाजे पायी सहज गाठता येते. लेणी पाहायला जाणाऱ्यांनी दशम्या बांधून न्याव्या, स्टेशनात खायला काही नाही. छत्रीपेक्षा इरले बरे. मला उघडीप मिळाली.

डोंगराच्या पायथ्याशी खाचरे पायऱ्यांसारखी उतरतात. वरच्या खाचरात त्याचा मालक धोंडिबा घासलेटात भिजवलेला दोर घेऊन उभा होता. खालचे खाचर गोदामावशींचे. साठीची बाई, कमरेला विळा खोचून बांधावर ठाण मांडून बसलेली. मला पाहताच धोंडिबाला म्हणाली, “ह्यो बघ, तुजा कागदवाला आला. इचार त्याला, पाणी सोडल्यावर किडा कुटं जातो?”

मी म्हणालो, “खाली.”

“आन् खाली कोन ऱ्हातं?”

“तुम्ही.”

धोंडिबा उसळला, “मी काय मुद्दाम केलं व्हय? ल्हिलंवतं तसं केलं!”

त्याचे खरे होते. ही अळी पानाचा शेंडा कातरते, त्याची सुरळी करून आत राहते आणि पाण्यावर तरंगत एका रोपावरून दुसऱ्यावर जाते. दोर फिरवला की सुरळ्या पाण्यात पडतात. पुढे मी लिहिले होते, ‘मग पाणी सोडून द्यावे.’ आमच्या शेतकी कॉलेजच्या शेतावर ते पाणी चरात जाते. इथे वरच्याचे पाणी हेच खालच्याचे पाणी. मी मावळात अनेकदा आलो होतो, तरी लिहिताना डोळ्यांसमोर कॉलेजचेच शेत होते.

“बाजूने चर काढू या,” मी म्हणालो.

“जागा तुजी का माजी?” मावशी हसली. मग घरी जाऊन चढणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे, मासे धरायची कामट्यांची टोपली घेऊन आली. आत जुने लुगडे अंथरून तिने ती दोन्ही खाचरांमधल्या बांधाच्या तोंडाशी पाण्यात रोवली.

“मावशे, आता मासं कुटलं?”

“तुजं किडं तर घावतील. वढ दोर!”

धोंडिबाने एक टोक धरले, दुसरे मी. पहिल्यांदा तोंड फार मोठे फोडले, लुगडे तुंबले आणि पाणी टोपलीवरून वाहू लागले. मावशीने मातीचे ढेकूळ घालून धार बारीक केली. हळूहळू कापलेल्या गवतासारखा सुरळ्यांचा थर साचला. दुपारपर्यंत टोपली अनेकदा उपसली आणि माल लांब खड्ड्यात पुरला. दोन-तीन दिवस खाचर कोरडे राहिले, तर मागे राहिलेल्या अळ्याही मरतील.

मग मी मावशींच्या खाचरात उतरलो. बांधाजवळ थोड्या सुरळ्या सापडल्याच. सांगू की नको, असे क्षणभर वाटले. सांगितले.

“तेवढ्या मी येचीन,” ती म्हणाली. “पर फुडल्या येळी आदी हितं ये, मंग ल्ही.”

धोंडिबाने दोर गुंडाळून तिच्याच पडवीत टांगला. “उद्या तुजं खाचर. खालच्या तोंडाला टोपली मीच धरतो.”

संध्याकाळी लोणावळ्याला गेलो. स्टेशनाबाहेर चहा चांगला मिळतो, धर्मशाळेत ओले कपडे मात्र वाळत नाहीत. काल घरी परतलो. पाय अजून चिखलाने खाजतात. मावशींचे गेल्या साली गेलेले भात माझ्याने भरून देववणार नाही. ते पत्रक आणखी कोणकोणत्या उतारावर वाचले गेले असेल, हेही मला ठाऊक नाही.

उद्याचे काम: पत्रकाच्या उरलेल्या प्रती वाटू नयेत, असे कचेरीत स्वतः जाऊन सांगणे.