राब म्हणजे कष्ट

नव्या बाई शाळेत आल्या त्या दिवसापासून मी त्यांच्यावर जळत होते. आज हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला शिस्तीची काळजी म्हणत असे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी अकरा वर्षं चौथी शिकवत होते. नव्या बाईंना तिसरी मिळाली. दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, नुसता बांबूचा तट्ट्या होता. त्यांचा शब्द न् शब्द माझ्या वर्गात ऐकू येई आणि माझ्या मुलींच्या माना तिकडे वळत.

एकदा त्यांनी तिसरीपुढे दोन लेख ठेवले. पहिला चौथीच्या, म्हणजे माझ्या, वाचनपुस्तकातला! जंगलखात्यातल्या कुणी लिहिलेला: राबासाठी फांद्या तोडल्याने रानं उघडी पडतात, झाडं जपा. दुसरा त्यांनी कुठल्याशा मासिकातून स्वतः उतरवून आणलेला, एका शेतकऱ्याचा: आम्ही फांद्या छाटतो, बुंध्याला हात लावत नाही, कारण पुढच्या साली पुन्हा त्याच झाडाकडे जायचं असतं. पाटीवर मधोमध उभी रेघ. डावीकडे एकाचं म्हणणं, उजवीकडे दुसऱ्याचं, दोघांचं जुळतं ते खाली.

"कोण बोलतंय ते आधी बघायचं," बाई सांगत. "त्याचं घर कुठं, पोट कशावर, ते बघायचं. मग कुणाचं पटतं ते ठरवायचं."

आठ-आठ वर्षांच्या पोरी तावातावाने भांडत. मी तोच धडा माझ्या पद्धतीने कधीच संपवला होता: वाचन, शब्दार्थ, शुद्धलेखन. 'राब म्हणजे कष्ट' असं फळ्यावर लिहूनही दिलं होतं. राबणे, म्हणून राब. तळेगावच्या माझ्या माहेरी भात थेट ताटातच दिसायचा. वर्गातली एकही मुलगी काही बोलली नव्हती.

माझ्या वर्गात जवळच्या भुशी गावची एक शेतकऱ्याची मुलगी होती, माझी फार लाडकी. पहिलीत असल्यापासून उन्हाळा लागला की ती माझ्या लोणच्यासाठी पानाच्या द्रोणात हिरवी करवंदं आणायची. त्या वर्षी द्रोण तट्ट्यापलीकडे गेला. मला ते इतकं लागलं की मी तिला भर वर्गात उभं केलं.

"काय गं, मला विसरलीस?"

"न्हाई बाई, तुमाला उद्या आनते. पलीकडच्या बाई आमच्या रानाचं लय इचारत्यात, म्हून त्यान्ला दावाया आनली."

"'विचारतात' म्हण," मी म्हणाले आणि तिला खाली बसवलं.

त्याच सुमारास मोठ्या बाईंनी सांगितलं, की डिपुटीसाहेब तपासणी करून गेले की पुढच्या वर्षी चौथी कुणाकडे द्यायची ते ठरेल. माझा धीरच सुटला. मग मी चक्क चोरी केली. तपासणीआधी आठ दिवस, पलीकडे ऐकू जाणार नाही अशा आवाजात, माझ्या मुलींकडून पाटीवर उभी रेघ मारून घेतली. दोन्ही लेख (शेतकऱ्याचा मी तट्ट्याआडून ऐकून उतरवलेला), डावं-उजवं, सगळं नव्या बाईंचंच.

साहेब आले. पाट्या पाहून खूश झाले. मग त्यांनी नेमकी भुशीचीच मुलगी उठवली.

"राब म्हणजे काय गं?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "कष्ट."

"कुठली तू?"

"भुशीची."

"मग तुझ्या घरी राब भाजत नाहीत?"

"भाजत्यात की. फांद्या, पाला, शेन पसरायचं, पेटवायचं आन त्या राखंत भाताचं बी टाकायचं."

"मग कष्ट कुठून आलं?"

"त्यो बाईंचा राब. त्यांच्या घरी भात लावत न्हाईत. कोन बोलतंय ते आदी बघायचं असतंय."

साहेब खो खो हसले. माझे कान तापले. म्हणजे वर्षभर तिला ठाऊक होतं! बोलली असती, तर मी आधी तिची भाषा सुधारली असती, हे मला तिथेच कळलं.

साहेबांनी शेरा लिहिला: चौथीच्या बाई मुलींना लेखकांची मतं तोलून पाहायला शिकवतात, पद्धत उत्तम आहे. ती पद्धत कुणाची, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. चौथी माझ्याकडेच राहिली.

शाळा सुटल्यावर नव्या बाई माझ्याकडे आल्या. तट्ट्याआडून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. आता ही बोलणार, म्हणून मी उत्तर जुळवून बसले होते.

"किती बरं झालं, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरींना आता चौथीतही हे मिळेल."

मी त्यांच्या चेहऱ्यावर खोट शोधली. सापडली नाही. मग मला त्यांच्या त्या आनंदाचाही हेवा वाटला.