टेस्टचा फोन घरी

हॅलोकाका ऑफिसांमध्ये फोन बसवतात. बाहेरचा कॉल कोणत्या लाइनवरून सोडायचा, हे मशीनला शिकवण्यात त्यांचा हातखंडा. आधी शून्य दाबायचं. मशीन ते शून्य गाळतं आणि उरलेला नंबर पुढे पाठवतं. काम झालं की प्रत्येक लाइनवरून टेस्टचा फोन घरी. काकू उचलतात, "ऐकू येतंय, खरखर नाही," म्हणतात आणि लगेहात आणायची भाजी सांगतात. दोघांचा निम्मा संसार गिऱ्हाइकांच्या फोनवर झाला आहे.

मध्यंतरी काकांनी हौसेने घरीही तसंच मशीन बसवलं. नियम ऑफिसचेच ठेवले आणि शून्याचं काकूंना सांगायला विसरले. काकू मोबाइल वापरत नाहीत. त्या थोरल्या बहिणीचा नंबर फिरवत, मशीन इमानेइतबारे त्याचा पहिला आकडा गाळत असे, आणि पलीकडून उत्तर येई, 'हा नंबर अस्तित्वात नाही.' ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सख्ख्या बहिणीने साधी चौकशी केली नाही, म्हणून त्या रुसल्या. भाच्याने येऊन हे सांगितलं, शून्याचा घोळही उघडा पडला, तेव्हापासून काकूंनी काकांशी अबोला धरला आणि ताईंना फोन करण्याचं नावच सोडलं.

आज सकाळी काकांनी घरचा तो नियम काढून टाकला आणि एका रंगाच्या कंपनीत कामाला आले. तारा जोडून झाल्या. आता टेस्ट. काका घुटमळले.

"काय झालं, काका?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"काही नाही. घरचं हवामान जरा बिघडलंय."

पहिल्या लाइनवर काकू म्हणाल्या, "ऐकू येतंय," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या लाइनवर काका घाईघाईने बोलले, "अगं, आता ताईंना लावून बघ. शून्यबिन्य नको, सरळ नंबर फिरव."

"ऐकू येतंय," काकू म्हणाल्या. खट्.

तिसऱ्या लाइनवर घरचा फोन एन्गेज लागला. काकांनी चहा घेतला, पुन्हा लावला. एन्गेज.

"लाइन खराब आहे का हो?" मॅनेजरबाई काळजीत पडल्या.

"नाही हो," काका खुर्चीत ऐसपैस रेलले. "जरा वेळ लागेल. दोघी बहिणी आहेत."

बऱ्याच वेळाने एकदाची पलीकडे घंटी वाजली.

"ऐकू येतंय," काकू म्हणाल्या. मग फोन न ठेवता, "ताई विचारत होती, आमच्या जावईबापूंना अक्कल कधी येणार?"

"मग? काय सांगितलंस?"

"येताना कोथिंबीर आणा."