अकरा मिनिटांचं गाणं

त्याचा दौरा जाहीर झाला आणि शहरांच्या यादीत नवी मुंबई दिसली, तेव्हा मी खारघरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत उभी होते. हातातलं बीकर आधी टेबलावर ठेवलं आणि मग फोन पुन्हा वाचला. पंचवीस वर्षं ज्याची गाणी ऐकत आले, तो रॉक गाणारा परदेशी माणूस वयाच्या शहात्तराव्या वर्षी नेरूळला, माझ्या सानपाड्याच्या घरापासून दोन स्टेशनांवर येऊन गाणार होता.

त्याच्या चाहत्यांचा आमचा एक ग्रुप आहे. आठ जण फोनवर रोज बोलतात, पण प्रत्यक्ष भेटतो आम्ही तिघंच. मी, खारघरची एक दातांची डॉक्टर आणि सानपाड्यातच राहणारा बँकेतला एक अधिकारी. हा मूळ साताऱ्याकडचा, आवाज मोठा, आणि त्या गायकाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर आठवडाभर अबोला धरणारा.

दौऱ्याच्या पानावर एक सूचना होती. प्रत्येक शहरातल्या चाहत्यांनी एकेक गाणं सुचवायचं. त्यातलं एखादं तो घेईलही, कदाचित घेणारही नाही. त्या एका ओळीवरून आमच्या ग्रुपमध्ये तीन आठवडे कुणाचं कुणाशी पटेना. अखेर डॉक्टर म्हणाली, समोरासमोर बसून ठरवू आणि सगळे एकच गाणं पाठवू, म्हणजे वजन पडेल. म्हणून एका रविवारी सकाळी ते दोघं माझ्या घरी आले.

हॉलमध्ये खिडकीशी माझे वडील भिजवलेले वाल सोलत बसले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. तरुणपणी रत्नागिरीकडच्या गावातून आले, जासईजवळच्या कंटेनर यार्डात आलेल्या-गेलेल्या पेट्यांची नोंद ठेवायचं काम निवृत्तीपर्यंत केलं. पण नवी मुंबईतल्या आमच्या वस्त्यांमध्ये त्यांना कुणी यार्डातला क्लार्क म्हणून ओळखत नसे. त्यांची गायन पार्टी होती. ढोलकी, बेंजो, मागे चार जणांचा कोरस आणि पुढे अण्णा. एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, त्यांना एक दिवस मोकळा मिळत नसे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी गाणं बंद केलं. का, ते आम्हाला सांगितलं नाही. वय झालं असेल, असं आम्ही धरून चाललो.

बँकवाल्याचं म्हणणं एकच होतं. अकरा मिनिटांचं ते गाणं. तरुणपणी त्यानं केलेलं, शेवटची तीन मिनिटं शब्दच नाहीत, नुसता 'आ'चा आकार वर वर चढत जातो आणि सगळ्यात वरच्या सुरावर थांबतो. तो सूर ऐकून माणसं त्याचे चाहते झाली. मीसुद्धा त्यातलीच. गेली कित्येक वर्षं त्यानं ते गाणं स्टेजवर घेतलं नव्हतं.

"घेत नाही, कारण जमणार नाही त्याला आता," डॉक्टर म्हणाली.

"तू त्याला विचारलंस का? तो गायला नाही तर मग आपण तिकिटं कशाला काढली?"

अण्णांनी वालाची परात बाजूला सरकवली. "वय काय माणसाचं?"

"शहात्तर, काका."

"लावा बघू ते गाणं."

मला जरा संकोच वाटला. माझ्या कॉलेजच्या दिवसांत त्यांनी याच आवाजाला "कालवा" म्हटलं होतं. पण बँकवाल्यानं फोन स्पीकरला जोडला आणि गाणं सुरू केलं. अण्णांनी डोळे मिटले. अकराच्या अकरा मिनिटं ते हलले नाहीत. शेवटचा सूर संपल्यावर म्हणाले, "आता याच दौऱ्यातलं लावा. दुसऱ्या गावात गायला असेल ना?"

आधीच्या शहरांतल्या कार्यक्रमांचे लोकांनी काढलेले व्हिडिओ होते. ते आम्ही एकापाठोपाठ एक लावले. अण्णा मधूनच हात वर करून थांबवायचे, मागं न्यायला सांगायचे. मग बोलायला लागले.

"पहिली दोन गाणी बघा, खालच्या सुरात आहेत. गळा तापवतोय. तिसऱ्याला वर जाऊन येतो, हाय का नाय ते चाचपून बघतो. इथं, ही ओळ आली की माइक लोकांपुढं धरतो. तुमाला वाटतं प्रेमानं धरतो. प्रेम असेल, पण ती ओळ त्याला अवघड जाते. आणि पाचवं झालं की गिटारवाला एकटाच वाजवत बसतो, तेव्हा हा आत जातो. गरम पाणी पित असणार."

डॉक्टर पुढे सरकून बसली होती. आम्ही तिघांनी त्या याद्या पाठ केल्या होत्या. कुठल्या शहरात कुठलं गाणं वगळलं, कुठलं बदललं, सगळं. हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं.

"तुमी गाणी मोजताय," अण्णा म्हणाले. "मी त्याचा दम बघतोय. हे लांब गाणं त्याला सांगू नका."

"काका, ते गाणं म्हणजेच तो आहे," बँकवाला म्हणाला.

अण्णांनी परात पुन्हा पुढ्यात ओढली. मग सांगायला लागले, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. नऊ वर्षांपूर्वी तुर्भ्याच्या एका वस्तीत कार्यक्रम होता. सलग सहावा दिवस. लोकांनी त्यांच्या नावाजलेल्या गाण्याची फर्माईश केली. गळा बसलाय हे त्यांना ठाऊक होतं, पण समोर बसलेल्या बायका-माणसांना नाही म्हणवेना. वरच्या ओळीवर आवाज फुटला. त्यांनी खोकल्यासारखं केलं आणि हातानं कोरसला खूण केली. कोरसनं ओळ उचलली, गाणं पूर्ण झालं.

"लोकांनी टाळ्या वाजवल्या," अण्णा म्हणाले. "चिडले असते तर बरं वाटलं असतं. टाळ्या वाजवल्या, मला पाणी आणून दिलं. घरी येताना ठरवलं, आता नाही."

शेवटी डॉक्टरनं एक साधं, खालच्या सुरातलं गाणं सुचवलं आणि मी त्याला हो म्हटलं. बँकवाला म्हणाला, मी माझं एकट्याचं पाठवणार, आणि चहा न घेता गेला.

त्या संध्याकाळी मी सुचवण्याचं पान उघडलं. साध्या गाण्याचं नाव लिहिलं. खोडलं. अकरा मिनिटांच्या गाण्याचं लिहिलं आणि पाठवून दिलं. अण्णा आतल्या खोलीत बातम्या बघत होते. त्यांनी जे सांगितलं ते सगळं मला पटलं होतं, तरी मला तो सूर एकदा समोर ऐकायचा होता. एवढंच कारण. दुसरं काही मी शोधलं नाही.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी डॉक्टरच्या नवऱ्याला बाहेरगावी जावं लागलं आणि तिनं त्याचं तिकीट अण्णांसाठी दिलं. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून खुर्चीवर टाकला आणि विचारलं, "किती वाजता सुरू करतो?"

आम्हा तिघांच्या जागा वर, पायऱ्यांवरच्या खुर्च्यांत होत्या, बँकवाल्याचं तिकीट खाली मैदानातलं. खाली मैदान माणसांनी भरलेलं. अण्णांनी आयुष्यात शेकडो स्टेज पाहिले होते, पण हे पाहून ते बराच वेळ उभेच राहिले. ऊन उतरत होतं. आवाजाची चाचणी चालली होती आणि ढोलाचा एकेक ठोका खुर्चीतून पाठीत येत होता. "एवढ्या माणसांपुढं एकट्या गळ्यानं उभं राहायचं," ते म्हणाले आणि खाली बसले.

तो आला तेव्हा लांबून अगदी बारीक दिसला. पांढरे केस, काळं जाकीट, चालताना उजवा पाय जरा जपून टाकत होता. पहिलं गाणं खालच्या सुरातलं, दुसरंही. तिसऱ्याला तो वर गेला आणि लगेच उतरला. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. चौथ्यात अण्णा हळूच म्हणाले, "आता माइक फिरवणार," आणि त्यानं माइक फिरवला, आणि हजारो माणसांनी ती ओळ घेतली. पाचव्यानंतर गिटारवाला पुढे आला, हा आत गेला. इतकी वर्षं ज्या गाण्यांवर मी जीव टाकला, त्यांच्या आत एक माणूस श्वास जपत चाललाय, हे मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला ते दाखवणाऱ्या माणसाला इंग्रजीतली एक ओळ कळत नव्हती.

दहाच्या आत बंद करायचा नियम होता. नऊ वाजून गेले असतील, दिवे मंद झाले आणि एकट्या पियानोवर चार सूर वाजले. मैदानातून एक आवाज उठला, ओरडण्यापेक्षा हुंदक्याच्या जवळचा. अकरा मिनिटांचं गाणं.

अण्णांनी माझं मनगट धरलं. "पट्टी उतरवलीय," ते म्हणाले. "पांढरी चारवरनं काळी दोनवर आणलंय. तरी पण."

शब्दांचा भाग तो सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखा गायला. मग तो आकार सुरू झाला. एकेक पायरी वर. मी बँकवाल्याला मैदानात शोधायचा प्रयत्न केला, उगाच, कारण मला स्टेजकडे बघवत नव्हतं. हे मी मागितलं होतं.

सगळ्यात वरच्या सुरावर त्याचा आवाज फुटला. लपवता येण्यासारखा नव्हता, चिरफाळल्यासारखा फुटला. मला वाटलं आता माइक लोकांकडे फिरवेल. मागे तीन गाणारे उभे होते, ते सूर घेतील. वाद्यवालेही क्षणभर चाचरले. पण त्यानं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याच फुटलेल्या सुरावर उभा राहिला. खाली आला नाही, सोडला नाही. आवाजाच्या दोन चिरफळ्या झाल्या होत्या, एक वर एक खाली, आणि तो दोन्ही धरून होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिट्टी मारली नाही. मग श्वास संपला आणि सूर आपोआप बंद झाला. तो वाकून उभा राहिला, हात गुडघ्यांवर ठेवून. आणि मग सगळं मैदान उठलं.

अण्णा बसून राहिले. टाळ्या वाजवत नव्हते. त्यांचा हात अजून माझ्या मनगटावर होता.

डॉक्टर तिच्या गाडीकडे गेली आणि आम्ही दोघं गर्दीबरोबर रस्त्यावर आलो. रिक्षा मिळेना, म्हणून जुईनगरच्या दिशेनं चालत निघालो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी कोरसला ओळ दिली होती. त्यानं कुणाला दिली नाही."

मी त्यांना सांगून टाकलं की ते गाणं मीच सुचवलं होतं.

"तो काय तुझी चिठ्ठी वाचून गायला?" ते म्हणाले. "मनात असल्याशिवाय त्या वयात कोण एवढं वर चढतो." आणि थोडं पुढे गेल्यावर, "त्याच्या घरी कोण असतं?"

मला माहीत नव्हतं. त्याचं कुठलं गाणं कुठल्या स्टुडिओत झालं ते मी झोपेतही सांगितलं असतं, पण घरी कोण असतं ते माहीत नव्हतं.

"असेल कोणीतरी. दोन दिवस त्याला बोलू देऊ नका म्हणावं. गळ्याला आराम पायजे."

ग्रुपवर त्यानंतर जे चाललं ते वाचवत नव्हतं. निम्मे म्हणत होते, रडू आलं. निम्मे म्हणत होते, आता थांबायला हवं त्यानं. बँकवाला काहीच लिहीत नव्हता. पुढच्या रविवारी तो घरी आला, दाराशीच चप्पल काढत म्हणाला, "काका, तुमचं बरोबर होतं. मी नको होतं ते गाणं मागायला. त्याला तसं बघवलं नाही मला."

"बस आधी," अण्णा म्हणाले. "माझं बरोबर नव्हतं. तुझं होतं."

"काका, आवाज फुटला त्याचा."

"फुटला. मग?"

आणि दोघांची परत जुंपली, पण आता उलट्या बाजूंनी. बँकवाला सांगत होता की त्याला विनवणी करून असं उघडं पाडणं बरं नव्हतं. अण्णा सांगत होते की उघडं पडायला तो आपल्या पायांनी चालत आला होता. मी स्वयंपाकघरात पोहे परतत ऐकत होते.

"तू नीट ऐकलंस का?" अण्णांचा आवाज चढला होता. "फुटल्यावर त्यानं दम मागं खेचला नाही. तसाच सोडत राहिला. असा."

आणि त्यांनी तो आकार लावला. पूर्ण नाही, शेवटचा चढ तेवढा. आवाज खरखरीत होता, वरती जाऊन फाटला, आणि ते फाटलेल्या जागी थांबून राहिले. मी गॅस बंद केला. नऊ वर्षांत घरात एवढा आवाज झाला नव्हता. बाहेर येऊन पाहिलं तर बँकवाला तोंड उघडं टाकून बसला होता, आणि अण्णांच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी श्वास घेतला, घोटभर पाणी प्यायले आणि बोट उगारून पुन्हा त्याला समजावायला लागले, की बघ, यात लाजण्यासारखं कुठं काय आहे ते मला दाखव.