कोपराला लावलेलं तेल

"पोरगी लय सोशिक हाये बाप्पा. तीन आठवडे मालिश केली म्या, हूं नाही का चूं नाही."

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेली माझी आत्या शेजारच्या बाईला माझं कौतुक सांगत होती. दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरांनी माझा एक्स-रे दिव्यासमोर धरला होता. ते वाक्य ऐकून ते माझ्याकडे वळले.

"मालिश केली?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

फिल्मवर उजव्या कोपरापुढे एक पांढुरका पुंजका दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "मायोसायटिस ऑसिफिकन्स. म्हणजे मार लागलेल्या स्नायूतच हाड तयार होतं. मोडलेलं कोपर चोळलं की हे होऊ शकतं. प्लास्टर काढताना कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. मी एकटीनेच ते ऐकलं होतं आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी भाव पडल्यामुळे कापूस विकलाच नव्हता. नेरच्या आमच्या घरात पुढची खोली कापसाने खिडकीपर्यंत भरली होती. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची. ढिगावर चढून खिडकी लावताना मी घसरले आणि कोपर उंबऱ्यावर आदळलं. कापसावरून पडून हात मोडला, हे अजूनही कोणाला खरं वाटत नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात अडकला होता. आत्या खास माझ्यासाठी ढाणकीहून आली, म्हणून तिला नको म्हणवेना. तिथल्या कितीतरी बाळंतिणींना आणि बाळांना तिनेच मालिश केलेली. ती तेल कोमट करायची, कोपर चोळायची आणि शेवटी मनगट धरून हात दाबून सरळ करायची. माझ्या डोळ्यांसमोर अंधारी यायची. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे घरातल्या वऱ्हाडीत माझी पुस्तकी मराठी वेगळी पडायची. मी कमीच बोलायचे. आत्या हसून म्हणायची, "काहून बोलत नाही वं? इंग्रजीत दुखून राह्यलं का तुले?"

मी हसायचे. कोपर गरम व्हायचं, सुजायचं. आई म्हणायची, "तिचा हात जड हाये, गुण येईन."

डॉक्टरांनी काही आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. हात तोंडापर्यंत जाईल का, असं आईने विचारलं. ते म्हणाले, "आत्ता सांगता येत नाही." मी डाव्या हाताने जेवत होते. माझी वेणी आई घालायची.

मग यवतमाळला फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी जोर लावणार नाही. हात तुम्ही हलवायचा, मी खालून आधार देणार. दुखलं की लगेच सांगायचं. तुम्ही सांगितलं तरच मला थांबता येईल."

मी त्यांनाही सांगितलं नाही. लवकर बरं व्हायचं म्हणून दात आवळून हात पुढे रेटला. संध्याकाळी बसमधून उतरेपर्यंत कोपर पुन्हा तापलं होतं. व्यायाम बंद झाला, परत विश्रांती. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पायाची बोटं आखडली होती. ती पाहून थांबवायला हवं होतं, पण मी तोंडाकडेच बघत होते. चूक माझीही आहे."

तुमच्या घरी कोणाचं कोपर मोडलं असेल, तर ते चोळू देऊ नका. आणि तुमचंच असेल, तर दुखतंय हे सांगा. सोसण्याने हात लवकर मोकळा होत नाही.

माझा हात आता तोंडापर्यंत जातो. पहिल्यांदा उजव्या हाताने वरणभात खाल्ला तेव्हा आई उठून आत गेली. पण हात पूर्ण सरळ होत नाही, आणि वेणी आईच घालते. डॉक्टर म्हणतात, पुढे कधीतरी ऑपरेशनचं बघू.

मागच्या महिन्यात आत्या पुन्हा आली. तिच्या मालिशने काय झालं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे तिच्या मनाला जपत होतो. दुपारी ती वाटीत कोमट तेल घेऊन माझ्याजवळ बसली. "आण माय हात. अर्धं काम राह्यलं माझं."

तिची बोटं कोपराला लागली. मी हात मागे घेतला. आई दारात थांबली. वाटी तशीच आत्याच्या हातात राहिली.

"नको आत्या," मी म्हणाले. "मले तवाही लय दुखत होतं."