पाठीवरचा एस्केप

कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या आमच्या जीपमध्ये ती रोज वाटेत चढते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. साडीवर रिसॉर्टचा निळा टीशर्ट, त्याच्या पाठीवर ठळक इंग्रजीत 'एस्केप'. तिथे ती खोल्या आवरते. बसल्या बसल्या केसांची वेणी घालते. घरी तेवढीही उसंत नसावी.

एकदा म्हणाली, "सर, माझ्या पाठीवर काय लिवलंय वो?"

मी पडलो मास्तर. निसटणं, पळून जाणं, सुटका, सगळे अर्थ सांगितले. मुंबईकर कामाला कंटाळून दोन दिवस इथे येतात, त्यालाही हाच शब्द, असंही सांगितलं.

"म्हंजे पावण्यांसाठी हाय," म्हणत तिनं वेणीला रबर लावलं.

पुढे एका मंगळवारी रिसॉर्टचं गेट मागे गेलं तरी ती उतरली नाही. मी हटकलं.

"आज सुट्टी असती, सर. घरी नाय सांगितलेली."

तेव्हापासून पाहतो, दर मंगळवारी ती कशेळ्यापर्यंत येते, स्टँडवर चहा घेते आणि नुसती बसून राहते. अंगात टीशर्ट तोच.

परवाच्या मंगळवारी तिच्यासोबत सासू होती, कशेळ्याच्या दवाखान्यात निघालेली. गेट आलं. कोणी न सांगता ड्रायव्हरनं जीप थांबवली. ती उतरली आणि आत चालू लागली.

"लई राबती बिचारी," सासू मला म्हणाली. "एक दिवस सुट्टी म्हणून नाय."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो ना."