बाबांच्या वाटणीचा गूळ

आमच्या बाबांच्या दहाव्याला जो आला तो हेच म्हणाला, "शांत माणूस. कधी तोंड उघडलं नाय." कौतुकानेच म्हणत होते बिचारे. मी मात्र चहाचे कप असे आदळले की बहिणीने माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. तोंड उघडलं नाही, हे काय कौतुक झालं? उघडायला हवं होतं.

आम्ही मूळचे सफाळ्याच्या आतल्या गावचे. भाताचा एवढासा तुकडा, तोही पावसावर. तारापूरला कारखाने आले तसे बाबा बोईसरला आले, एक खोली भाड्याने घेतली आणि कापडाचा रंग करणाऱ्या कारखान्यात लागले. पिवळ्या खात्यात. रंगाची भुकटी फावड्याने पिंपात भरायची, झाकण ठोकायचं, दुसरं पिंप घ्यायचं. माणूस सावळा, पण घाम पिवळा यायचा. उशीचा अभ्रा पिवळा, बनियन पिवळं, कानामागे पिवळी रेघ. शेजारीण आईला म्हणायची, "तुमच्याकडे बारा महिने हळदच हाय गो बाई!" आई हसायची, मीही हसायचे. आता त्या हसण्याचासुद्धा राग येतो.

तीनला पाळी सुटायची. बाबा आले की घरात पाऊल नाही. मागे पत्र्याच्या आडोशाला त्यांची वेगळी बादली, वेगळा साबण, कपड्यांना वेगळी दोरी. आधी कोपरापर्यंत हात तीनदा धुवायचे, मग अंगावर पाणी. त्याआधी कोणी जवळ गेलं तर नुसती भुवई उचलायचे, की आम्ही मागे. आजही मी बाहेरून आले की कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाण्याच्या हंड्याला शिवत नाही. ताटात काही टाकायचं नाही, भांड्याचा आवाज करायचा नाही, हे त्यांचंच. आणि आपल्या वाटणीचं दुसऱ्याला द्यायचं, दिलं म्हणून बोलायचं नाही, हेही त्यांचंच. या शेवटच्या सवयीशी माझं भांडण आहे.

आंघोळ झाली की डब्याच्या वरच्या खणातून ते कागदाची पुडी काढायचे. आत गुळाचा खडा, लिंबाएवढा. भुकटीत काम करणाऱ्यांना मुकादम रोज जेवणाच्या सुट्टीत गूळ वाटायचा. गुळाने छातीतली धूळ सुटते, असं सगळेच मानायचे. नाकातोंडाला बांधायला मात्र काही नाही, ज्याचा त्याचा घरचा रुमाल. बाबा खडा पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडायचे आणि आम्हा दोघी बहिणींना सारखे तुकडे द्यायचे.

"तुमाला, बाबा?"

"मी खाल्ला तिकडे. हा जास्तीचा मिळतो."

आम्ही खायचो. बोटं चाटत.

दहा-बारा वर्षं असा गूळ खाल्ला. मग बाबांना खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा, मग नळापासून दारापर्यंत येताना दोनदा खाली बसायला लागले. त्यांच्या खात्यातला जोडीदार भेटायला आला. उत्तरेकडचा, आम्ही त्याला चाचा म्हणायचो. खाटेवर बसला आणि आजाऱ्यावरच ओरडला, "कितनी बार बोला था, खा ले, खा ले! रोज पुडी बांधता था!" मग आईकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाला, "भाभी, ह्याने एक दिवस गूळ खाल्ला नाय. आमी चिडवायचो, मुंगळा आला, मुंगळा!"

"आनी मला सांगत होतात जास्तीचा मिळतो!" आई म्हणाली.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. मी तेव्हा सतरा वर्षांची. मागे आडोशाला जाऊन ओकले. बापाची छाती आम्ही खाल्ली, सारखे तुकडे करून. पुढे कितीतरी वर्षं मी गूळ तोंडात घातला नाही, संक्रांतीलासुद्धा.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना मीच न्यायचे, लग्न झाल्यावरही. एकदा राहवलं नाही. विचारलं, "बाई, ह्यांनी गूळ खाल्ला असता तर वाचली असती का हो छाती?"

बाई लिहिता लिहिता थांबल्या. "अगं, गूळ पोटात जातो. छातीत कसा जाईल? नाकाला चांगली पट्टी हवी होती."

झालं. एवढंच. मी इतकी वर्षं स्वतःला खात होते, आणि चौथीतली पोरगी सांगेल अशी ही गोष्ट.

तेव्हा मी स्वतः तारापूरच्याच दुसऱ्या कारखान्यात, औषधाची भुकटी पिशव्यांत भरायच्या कामाला होते. नव्वदीनंतरची गोष्ट. घरी चार वर्षांची मुलगी. आणि ऐका, तिथेही गूळ! आणि मीही रोज पुडी बांधून मुलीसाठी घरी नेत होते. कोणी सांगितलं नव्हतं. हातच तसे वळलेले.

बाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर परात घेऊन आला. "घ्या ताई, छातीला चांगला."

"मग साहेब काचेच्या केबिनात बसून का नाही खात? त्यांना छाती नाही?"

बायका खिदळल्या. एक जण कोपर मारून म्हणाली, "गप गो, घरी बसवतील तुला."

"बसवू देत. गूळ नको, तोंडाला पट्टी द्या."

मी खडा परातीत परत ठेवला. माझं बघून दोघींनी ठेवला. बाकीच्यांनी पुड्या बांधल्या. त्यांच्यावर मी चिडले नाही, त्यांच्या घरीही पोरं होती. पण रोज परत ठेवत राहिले. महिन्याभराने पट्ट्या आल्या आणि मला पिंपं धुवायला टाकलं. टाकू देत.

त्याच संध्याकाळी पट्टी घेऊन बाबांकडे गेले. तीन घड्यांची, पांढरी, कानाला अडकवायची. ते खाटेवर टेकून बसलेले, दर श्वासाला छातीत शिट्टी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गूळ परत केलास? मग पोरीने काय खाल्लं?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "पोर गुळावाचून मरत नव्हती, बाबा! आमीही मरत नव्हतो! एक शब्द बोलायचा होता तुमी, एक!"

ते रागावले नाहीत. पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, नाकाला लावून बघितली.

"अशी असते होय," म्हणाले. "मला कुठं ठाऊक?"

बाबांना ठाऊक नव्हतं. चाचाला नव्हतं, आईला नव्हतं. पण काचेआड बसून गूळ वाटायला लावणाऱ्यांना होतं. ठाऊक होतं म्हणून तर त्यांच्या काचा बंद असायच्या.

दहाव्याला हे बोलायचं सोडून मी कप आदळत बसले. बापाचीच पोर.