कोलशेतच्या सगळ्या दारांना कडुनिंब

पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मिठागराच्या बांधावरून एक काळी छत्री येताना दिसली... आणि मला लगेच संशय आला. ऐन चैत्रात कोलशेतला छत्री घेऊन कोण येतं? ऊन आम्हालाही लागतं, पण आम्ही डोक्याला फडकं बांधतो.

माझा स्वभावच तसा. झाडाखाली कैरी दिसली तर ती वाऱ्याने पडली की कुणी पाडली, हे मी आधी बघणार. त्यात ठाण्याच्या शाळेत चार इयत्ता झालेला गावात मी एकटा, मिठागरावर गुमास्ता... त्यामुळे माझ्या संशयाला गावात वजन आहे.

खबर आधीच लागली होती. देवी टोचणारा एक डॉक्टर खाडीकाठची गावं घेत येतोय, पोरांच्या दंडाला ओरखडे काढतो, नावं लिहून नेतो... पुढचं आमच्या पोशाआजोबांनी सांगितलं, "रेल्वेचा नवा पूल बांधतान. ज्यांचे दंडाव ओरखडा, ती पोरां पुलाखाली पुरतीन!"

हसू नका. सखू माझी एकुलती एक, तीन वर्षांची. तिच्या आधीची दोन राहिली नाहीत... माझाही विश्वास बसला.

मग युक्ती मीच काढली. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, आणि परका माणूस उंबरा ओलांडत नाही. गावदेवीसमोरचा कडुनिंब नुकताच पांढऱ्या फुलांनी भरला होता... बघता बघता निम्मं झाड दारोदारी लागलं. पोरं आत, दारं लोटलेली, आणि मी वेशीवर चेहरा पाडून उभा.

छत्रीखालून पन्नाशीचा एक वाळका गृहस्थ निघाला. कोट धुळीने भरलेला, खांद्याला पिशवी. "सगळ्या गावात देवी?" त्याने विचारलं. मी इथला गुमास्ता, सगळ्या गावात, मी म्हणालो.

वाटलं, आल्या पावली परत जाईल. तो कसला जातोय... "मग मला थांबायलाच हवं. ठाण्याला रिपोर्ट पाठवतो, मोठे डॉक्टरसाहेब येतील," असं म्हणून तो देवळाच्या कट्ट्यावर बसला आणि वही काढून लिहायला लागला.

दुपारपर्यंत मी त्याच्यावर एक डोळा ठेवला आणि गावावर एक. कुणीतरी फुटणार, दाराआडून हळूच खूण करणार, असं मला सारखं वाटत होतं. त्याने प्यायला पाणी मागितलं तर इथलं पाणी खारट आहे, असं मी ठोकून दिलं.

जेवणाची वेळ झाली तसा तो उठला आणि आळीतून चालू लागला. कुठल्याच घरात शिरला नाही. प्रत्येक दाराशी नुसता क्षणभर थांबायचा आणि पुढे सरकायचा... मी मागोमाग.

"गुमास्ते," तो शांतपणे म्हणाला, "देवी आलेल्या घरात फोडणी घालतात का हो? इथे लसूण, तिथे सुका जवळा, आणि त्या घरात तर बोंबील भाजताहेत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवी घरात असल्या की फोडणी नाही, तळण नाही, मासळी नाही... हे शेंबडं पोरही जाणतं. आम्ही दारं सजवली आणि चुली विसरलो!

कबुली द्यायला मी तोंड उघडलं, तर त्याने हाताने गप्प केलं. तो एका दारापाशी थबकला होता. त्या घरातून कसलाच वास येत नव्हता.

"इथे मात्र खरंच आहेत," तो म्हणाला.

ते घर आमच्या शेजारच्या हिराचं. आमची भिंत एकच. तिची बाली आणि माझी सखू आदल्या दिवशी दुपारभर एका गोधडीवर भातुकली खेळल्या होत्या.

मी दार ढकललं. बाली कण्हत पडलेली, चेहऱ्यावर फोडच फोड. "सकालपासून फोड आयलान, दादूस," हिरा रडत म्हणाली. "तुमाला सांगतला असता त तुमीच डाक्टरला सांगतला असता. पोरीला ठान्याला नेली असती."

जगाचा संशय घेणारा मी... माझाही कुणी घेत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

डॉक्टर रागावला नाही. सखूला आजच टोचलं तर अजून वेळ आहे, उद्याचं सांगता येत नाही, एवढंच म्हणाला. आणि मी करंटा, तशाही वेळी विचारता झालो, की दंडावर खूण कशाला?

त्याने कोट काढून बाही वर केली. त्याच्याही दंडावर जुने वण होते. "चाळीस वर्षं झाली. अजून कुठल्या पुलाखाली गेलेलो नाही."

मी धावत जाऊन सखूला उचलून आणलं. तिने गाव डोक्यावर घेतलं, माझी बायको तोंड फिरवून उभी राहिली... पण गुमास्त्याची पोर टोचून घेते म्हटल्यावर एकेक दार उघडलं. दिवस मावळेपर्यंत गावातली सगळी पोरं टोचून झाली.

आज महिना होऊन गेला. सखूला दोन दिवस ताप आला, दंड सुजला, बाकी काही नाही. बाली वाचली, पण तिला एका डोळ्याने दिसत नाही... हिरासमोर अजून माझी मान वर होत नाही. पोशाआजोबा मात्र पूल पुरा होईपर्यंत काही बोलू नका म्हणतात.

त्या संध्याकाळी डॉक्टरला बांधापर्यंत सोडायला मी गेलेलो. कुठून आलात, पगार कोण देतं, पुढे कुठे जाणार... सवयीप्रमाणे सगळी उलटतपासणी केली. नाव तेवढं विचारायचं राहिलं.

आता सखू अंगणात हुंदडताना दिसली की हात जोडावेसे वाटतात... पण नाव कुणाचं घेऊ?